आत सहा, बाहेर सहा

रविवार, २ तारीख

आज मुलाच्या घरी कायमचा राहायला आलो. सामान म्हणजे एक पत्र्याची पेटी, एक वळकटी आणि औषधांची पिशवी. बाबा, एवढंच? असं मुलाने दोनदा विचारलं. बाकीचं शेजाऱ्यांना वाटून टाकलं, हे सांगायला जरा लाज वाटली.

खोली लहान पण उजेडाची आहे. खिडकीखाली नवी गाडी उभी असते, सहा आसनांची. घरात माणसंही सहाच: मुलगा, सूनबाई, सूनबाईंची आई म्हणजे आमच्या विहीणबाई, सतरा वर्षांचा नातू, त्याला सगळे लांबू म्हणतात, नऊ वर्षांची नात चिमणी, आणि आजपासून मी. जेवायला बसताना मी सवयीने प्रत्येकाच्या खांद्याला दोन बोटं लावून मोजलं. चिमणीला दोनदा मोजलं. लहान माणूस चटकन निसटतं, म्हणून. विहीणबाई म्हणाल्या, व्याही, आम्ही काही बसमधले प्रवासी नाही, जेवण सोडून कुठे पळणार? सगळे हसले. मीही हसलो.

ही वही सूनबाईंनी दिली. रोज लिहिलं की विसरायला होत नाही, असं डॉक्टर सांगतात म्हणे. माझी शाळा चौथीपर्यंत, पण बसवर तीस वर्षं वही लिहिली आहे. जमेल.

बुधवार, ५ तारीख

आनंदाची बातमी. पुढच्या आठवड्यानंतरच्या सुटीत सगळ्यांनी गाडीने किल्ले आणि राजवाडे बघायला जायचं ठरलं, आणि आखणीचं काम माझ्याकडे. मुलगा म्हणाला, बाबा, सहलीच्या बसवर आयुष्य घातलंत, तुमच्याइतकं कोणाला कळणार? मी लगेच नकाशा मागितला.

दुपारभर नकाशा पसरून बसलो. लांबूच्या फोनमध्ये रस्ता दिसतो, पण फोनला कुठे चढ लागतो आणि कुठे म्हाताऱ्या माणसाला उतरावं लागतं हे ठाऊक नसतं. आधी तळ्याकाठचा राजवाडा, मग दोन जोडकिल्ले, मग शिशमहाल, शेवटी समुद्राजवळची गढी. शिशमहाल ते गढी हा पल्ला फार लांब पडत होता. विहीणबाईंचे गुडघे, चिमणीची मळमळ, माझं ते वारंवार उतरणं. मधे काहीतरी हवं होतं. नकाशावर नव्या रस्त्याला लागून एक किल्ला दिसला, तो मीच घातला. आता घडी बसली.

जॅक, जादा चाक, पाण्याचे कॅन, टॉर्च, दोरी, गोळ्या, अशी यादी केली. दोरी कशाला, असं सूनबाईंनी विचारलं. दोरी लागतेच.

रविवार, ९ तारीख

चिमणीने प्रत्येक ठिकाणाचा फोटो छापून आणला आणि माझ्या खोलीच्या भिंतीवर सगळे ओळीने चिकटवले. बसून बघत होतो. चौथ्या फोटोशी थांबलो.

मी घातलेला किल्ला. एकच दरवाजा, एका वेळी एकच माणूस जाईल इतका अरुंद. दरवाजाशेजारी भिंतीत खिळा आणि खिळ्याला पाटी. पाटीवर खडूने दोन आकडे. आत किती, बाहेर किती.

नवा रस्ता दुसऱ्या अंगाने जातो म्हणून नकाशावर ओळखता आला नाही. नाव बदललं आहे. पाटी तीच आहे.

मीच घातला. माझ्या हाताने.

मंगळवार, ११ तारीख

दोन दिवस जेवण गेलं नाही. लिहून काढतो, म्हणजे डोकं हलकं होईल.

तेवीस वर्षांपूर्वी आमची बस त्या किल्ल्यावर गेली होती. बेचाळीस प्रवासी. माझं काम मोजणीचं. मालकाने पहिल्या दिवशीच शिकवलं होतं की डोकी मोजायची, तोंडं बघत बसायचं नाही, उशीर होतो. तिथला पाटीवालाही तसंच करी. आत गेले तेवढे बाहेर आले की आकडा पुसून मोकळा.

उतरताना मी किल्ल्याच्या दारात उभा राहून मोजले. बेचाळीस. वहीत लिहिलं, ४२ बरोबर. बस सुटली. तासाभराने एक शाळामास्तर माझ्याजवळ आले. तोंड पांढरं पडलेलं. म्हणाले, बस मागे घ्या, माझ्या शेजारी बसली आहे ती माझी बायको नाही. मी वळून बघितलं. तीच बाई, तेच कपडे. मास्तर म्हणाले, माझी बायको डावखुरी आहे, ही उजव्या हाताने पाणी पिते आहे.

बस हसली. मीही हसलो असेन. मी त्यांना वही दाखवली. बेचाळीस बरोबर आहेत मास्तर, मागे कोण राहील?

त्यानंतर दोन वर्षं मास्तर दर शनिवारी आमच्या गॅरेजवर येत. एकदा मला तिथे घेऊन चला, एवढंच म्हणत. मी जुन्या टायरांच्या मागे लपायचो. मग यायचे बंद झाले. का बंद झाले ते मी विचारलं नाही.

बुधवार, १२ तारीख

मुलाला सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं. ऐकून म्हणाला की नवराबायकोचं बिनसलं असेल, तुम्ही कशाला मनाला लावून घेता. मग स्वयंपाकघरात जाऊन सूनबाईंशी हळू बोलला. मला ऐकू येत नाही असं त्यांना वाटतं. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे नेऊ, असं चाललं होतं.

मी यादीतून किल्ला खोडला. चिमणीने रडून घर डोक्यावर घेतलं, तिला तोच बघायचा आहे. मुलाने यादीत परत लिहिला.

शुक्रवार, १४ तारीख

घरात कोणी नव्हतं. चिमणीने छापलेल्या कागदावर किल्ल्याच्या कचेरीचा फोन नंबर होता. म्हटलं विचारावं, डागडुजीसाठी बंद वगैरे असेल तर सुटलोच.

बाईमाणसाने उचलला. मी विचारलं, किल्ला बंद आहे का? ती म्हणाली, इथे बंद कधीच होत नाही, तुम्ही कितीजण येणार? मी सांगितलं, कोणीच नाही, सहज विचारतोय.

ती म्हणाली, "सहाजण ना? मोजणीवाले तुम्हीच ना? तुमचा आवाज तेव्हाही असाच कापायचा."

मला फोन ठेवता येईना.

ती म्हणाली, "माझ्यावर कोणाची नजरच नव्हती हो दारातून येताना. मास्तर पायऱ्या बघत होते, तुम्ही वही बघत होता. ज्याच्यावर नजर नसते तो इथे राहतो. इथला दुसरा त्याच्यासारखा होऊन बाहेर जातो. आता बाहेर जायला माझा नंबर आहे."

आवाजात राग नव्हता. रांगेत उभं राहून दमलेलं माणूस बोलतं तसं बोलत होती. मग तिने विचारलं, "माझी छत्री बसमध्येच राहिली होती. मास्तरांना मिळाली का?"

छत्री माझ्या पेटीत आहे. मागच्या बाकाखाली सापडली, आणि मी ती मास्तरांना दिली नाही. टायरांच्या मागून कशी देणार?

शनिवार, १५ तारीख

मुलाला फोनचं सांगितलं. त्याने माझ्यासमोर तोच नंबर लावला. नंबर अस्तित्वात नाही म्हणे. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

सोमवार, १७ तारीख

गाडीच्या चारही चाकांतली हवा सोडली. जादा चाकाचीही. सगळे बाहेर आले तेव्हा मी चाकांची टोपणं हातात घेऊन उभा होतो, पकडलाच गेलो. लांबू हसायला लागला आणि मग एकदम गप्प झाला, ते जास्त लागलं. विहीणबाईंनीसुद्धा टोमणा मारला नाही.

मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्हाला यायचं नसेल तर तुम्ही घरी थांबा. आम्ही पाचजण जाऊन येतो."

पाचजण. आणि त्यांच्यावर नजर कोण ठेवणार? मी पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. म्हटलं, मला न्या, मी काही बोलणार नाही, फक्त तो किल्ला सोडा, एवढं एक सोडा. माझ्या डोळ्यांतलं पाणी बघून सूनबाई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, सोडूया तो. शिशमहालाहून थेट गढीला जाऊ, लांब पडलं तर पडू दे.

मुलाने चिमणीची समजूत काढली. भिंतीवरचा चौथा फोटो काढला. देवासारखी सून मिळाली आहे मला.

गुरुवार, २० तारीख

किल्ला सुटला, तरी धीर धरवत नाही. म्हणून खुणा लिहून ठेवतो. वेळ आलीच तर डोकी मोजायची नाहीत, माणसं ओळखायची.

मुलगा: कुलूप लावलं की तीनदा ओढून बघतो. माझ्यासारखाच.
सूनबाई: विचार करताना खालचा ओठ दातात धरतात. उजव्या भुवईत जुनी खोक.
विहीणबाई: हसताना तोंडावर हात, पण रडताना नाही.
लांबू: दारातून जाताना वाकतो, दार उंच असलं तरी.
चिमणी: डाव्या कोपरावर भाजल्याचा डाग. खोटं बोलताना उजवा पाय डाव्या पायावर ठेवते. झोपेत माझं बोट धरते.

चिमणी शेजारी बसून वाचत होती. म्हणाली, आजोबा, तुमची खूण? म्हटलं, माझी कशाला, मी तर मोजणारा. तिला पटलं नाही. माझ्या हातातून पेन्सिल घेऊन तिने खाली लिहिलं. तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.

आजोबा: उजव्या हाताने मोजतात. मला दोनदा मोजतात.

शनिवार, २२ तारीख

निघालो. तळ्याकाठचा राजवाडा बघितला. गाडीत बसताना दर वेळी मोजतो, तोंडं बघून. सहा. विहीणबाई म्हणतात, व्याही, माझ्याकडे असे बघू नका, लोक काय म्हणतील. आज बरं वाटलं. छत्री बरोबर घेतली आहे, का ते माहीत नाही. घरात ठेववेना.

रविवार, २३ तारीख

जोडकिल्ले, शिशमहाल. सगळे ठीक. उद्या थेट गढी. लांबूने फोनवर तीनदा रस्ता दाखवला, तो किल्ला वाटेत नाही. तरी झोपताना चिमणीने माझं बोट धरलं की नाही ते दोनदा बघितलं. धरलं होतं.

सोमवार, २४ तारीख, सकाळ

गाडीत लिहितो आहे, अक्षर हलतं. पुलाचं काम चालू आहे म्हणून पोलिसाने गाड्या वळवल्या. कच्चा रस्ता. मी विचारतो, हा कुठे निघतो, तर कोणी बोलत नाही. लांबू फोन माझ्यापासून लपवतो आहे.

वळण घेतलं. समोर तो.

मी म्हटलं, थांबायचं नाही, काचा वर घ्या. मुलगा हो म्हणाला. खरंच हो म्हणाला. पण विहीणबाईंना उतरणं भाग होतं, दोन तासांपासून त्या दम धरून होत्या, आणि बाकी सगळा उघडा माळ. सोय फक्त किल्ल्यात, दरवाजाच्या आत. सूनबाई त्यांना धरून गेल्या. गाडी थांबली म्हणताच चिमणी उडी मारून पळाली. तिच्यामागे लांबू. लांबूच्या मागे मुलगा.

मी गाडीच्या दाराशी उभा. पाटीवाला खडूने लिहितो आहे. तेव्हाचाच की त्याचा मुलगा, कळत नाही.

आत ५.

मी गेलो नाही तर बाहेर येणाऱ्यांची तोंडं कोण बघेल. जातो.

सोमवार, दुपार

नीट लिहायला हवं. 

आत सगळ्यांना गोळा केलं. ओरडलो असेन, कारण कोणी वाद घातला नाही. दारातून एकेकाला सोडायचं ठरवलं. मी आत उभा, माझी नजर प्रत्येकावर, पलीकडे पाऊल पडेपर्यंत. उजवी दोन बोटं खांद्याला.

विहीणबाई. भीतीने डोळे भरले होते, तोंडावर हात नाही. बरोबर.
सूनबाई. ओठ दातात, भुवईत खोक. बरोबर.
लांबू वाकला. बरोबर.
मुलगा दाराची जुनी कडी ओढून बघत होता, तीनदा. बरोबर.
चिमणी. कोपर बघितलं. डाग. दोनदा मोजलं. ती बाहेर उन्हात गेली, आईचा हात धरला. मी हे सगळं डोळ्यांनी बघितलं. पाचही माझीच.

एवढा हलका मी तेवीस वर्षांत झालो नव्हतो. मग मी पाऊल उचललं, आणि —

सगळ्यांची पाठ माझ्याकडे होती. सगळे गाडीकडे चालले होते. हुश्श म्हणत.

माझ्यावर कोणाची नजर नव्हती.

पुढचं पाऊल पडलं ते आतच. दार समोर आहे, मी चालतो, आणि आतच असतो. पाटीवाल्याने माझ्याकडे न बघता लिहिलं, बाहेर ६. माझ्या राखाडी स्वेटरमधला एक म्हातारा दारातून गेला. माझ्या काखेतली छत्री आता त्याच्या काखेत. जाताना हळूच म्हणाला, बाईच्या आवाजात, मास्तर असतील का हो अजून?

सोमवार, नंतर

हाका मारतो. दोन बायका बाजूने गेल्या. ऐकू जात नाही.

भिंतीवर चढलो. इथून गाडी दिसते. पाय पोळतात.

सगळे गाडीजवळ. तो म्हातारा त्यांना मोजतो आहे. डाव्या हाताने — माझ्या मुलाला डाव्या हाताने, आणि मुलाने बघितलंही नाही — लांबू — सूनबाईंनी त्याला पाण्याची बाटली दिली, त्याने डाव्या हाताने घेतली. सूनबाई, बघा ना. एकदा बघा ना —

चिमणीच्या खांद्याला बोट लावलं. एकदाच.

ती तशीच उभी आहे.

आता त्याच्याकडे बघते आहे. आता इकडे.

नको

सोमवार

ती पळत सुटली. एकटी. गाडीला वळसा घालून, कोणाला कळलं नाही. मुलगा डिकी लावतो आहे, ओढून बघतो आहे. अरे वळ. वळ ना रे, एकदा —

म्हाताऱ्याने तिला बघितलं. काही बोलला नाही. छत्री उघडून उन्हात उभा आहे.

मीच शिकवलं तिला, माणसं ओळखायची. खुणा लिहून —

पायऱ्या चढते आहे. आजोबा आजोबा करते आहे. पाटीवाल्याने जुने आकडे पुसले. खडू उचलला.

ज्याच्यावर नजर नसते तो — माझी तर आहे. माझी नजर आहे तिच्यावर. धरतील का माझी? मी आत आहे तरी? मी मोजणारा —

हे लिहायला मान खाली घातली तेवढ्यात ती दहा पायऱ्या वर आली, आणि मी भिंतीवरून खाली, दाराशी. मी उतरलो नाही. पाय उतरले. कोपराला आग होते आहे, चिमणीचा डाग आहे तिथेच. डाव्या.

म्हणजे वहीत बघायचं नाही. तेव्हाही वहीतच बघत होतो. तिच्याकडे बघायचं, पापणी हलू द्यायची नाही, ती मागे फिरेपर्यंत. पेन्सिल टाकतो. चिमणे, बघतोय मी, तुझ्याकडेच ब